हार्डडिस्कवरचा गुलाम

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जुळवून देण्याचा धंदा ऐन भरात होता, तेव्हा कारागिराच्या हाताशी एक बारीक चिमटा हमखास असायचा. हार्डडिस्कच्या मागच्या बाजूला, चपट्या केबलची जागा आणि विजेची जागा यांच्या मधोमध काही उघड्या पिना असत. त्यातल्या दोन पिनांवर तांदळाच्या दाण्याएवढी प्लास्टिकची टोपी बसवायची. तिचं नाव जंपर. टोपी कुठल्या जोडीवर बसली यावरून त्या डिस्कचा दर्जा ठरायचा, मास्टर किंवा स्लेव्ह. एकाच केबलवर दोन डिस्क लावायच्या तर एक मास्टर आणि दुसरी स्लेव्ह. चुकून दोन्ही मास्टर झाल्या की मशीन ढिम्म. मग कुणीतरी काउंटरवरूनच ओरडायचं, ‘अरे, दुसरीला स्लेव्हवर टाक!’

त्या आरोळीत कुणालाही गुलाम ऐकू आला नाही. गॅरेजातही तीच गत. क्लच दाबला तरी गिअर पडत नाही म्हटल्यावर गाडीखालून मेकॅनिकचा आवाज येतो, ‘मास्टर सिलिंडर बरा आहे साहेब, स्लेव्ह गळतोय.’ मास्टर म्हटलं की मराठी माणसाला शाळेतले मास्तर आठवतात, स्टेशनमास्तर आठवतो, नाहीतर गळ्यात टेप अडकवलेला टेलरमास्टर. आणि स्लेव्ह? ती तर जंपरची एक जागा.

अमेरिकेतल्या एखाद्या कृष्णवर्णीय इंजिनिअरच्या कानावर हीच जोडी पडते तेव्हा मात्र त्याच्या पणजोबा-खापरपणजोबांच्या काळातली कागदपत्रं उघडतात. त्या कागदांत माणसांपुढे किंमत लिहिलेली असे. गेल्या वीसेक वर्षांत सॉफ्टवेअरच्या जगात या शब्दांवरून जी भांडणं झाली, त्यांच्या मुळाशी हा कानांतला फरक आहे.

पहिली ठिणगी सॉफ्टवेअरमध्ये पडली नव्हती. २००३ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ यंत्रावर ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ असं लिहिलेलं पाहिलं आणि तक्रार केली. काउंटीच्या खरेदी विभागाने माल पुरवणाऱ्यांना पत्र पाठवलं, की शक्यतो ही लेबलं टाळावीत. पत्र फुटलं आणि टिंगलीला ऊत आला. आता मास्टर की म्हणायचं की नाही, मास्टर्सची पदवी परत करायची का, असे विनोद सुरू झाले. ही फक्त विनंती होती, हुकूम नव्हता, असा खुलासा काउंटीला करावा लागला. या वादातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा आणि प्रत्येक विनोद तेव्हाच बोलून झाला होता. पुढे लोकांनी फक्त त्यांची उजळणी केली.

ही उपमा यंत्रांत आली कुठून, याचा माग रॉन एग्लॅश या अमेरिकी अभ्यासकाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात काढला. त्याला सापडलेला जुना धागा १९०४ सालचा, आणि तोही केप टाऊनच्या वेधशाळेतला. डेव्हिड गिल या खगोलशास्त्रज्ञाने तिथल्या घड्याळाच्या रचनेचं वर्णन करताना हे शब्द वापरले. एक घड्याळ वेळ राखणार आणि दुसरं त्याच्या तालावर चालणार. केप टाऊन ही गुलामांच्या श्रमावर उभी राहिलेली वसाहत. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली १८३४ साली. गुलाम खरोखर बाळगले जात होते तेव्हा इंजिनिअर मंडळींनी ही उपमा फारशी वापरली नाही, आणि गुलाम उरले नाहीत तेव्हा ती यंत्रांना चिकटली, हे एग्लॅशचं निरीक्षण चक्रावून टाकणारं आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात अनेकांनी एकाच वेळी वापरायची कॉम्प्युटर यंत्रणा उभी राहिली, तेव्हा तिथेही दोन यंत्रं होती. लोकांची सगळी आकडेमोड स्लेव्हने करायची आणि सूत्रं मास्टरने हलवायची.

उपमा म्हणून ती किती बिनचूक होती, हाही प्रश्न आहेच. लॅमिंग्टन रोडवरच्या त्या डिस्कांचंच बघा. मास्टर डिस्क स्लेव्ह डिस्कवर काडीचीही हुकमत गाजवत नसे. दोघींचं आपापलं सर्किट, दोघींचा आपापला कारभार. एकीचा नंबर शून्य आणि दुसरीचा एक, एवढाच भेद. औपचारिक मानकातही पुढे ‘डिव्हाइस शून्य’ आणि ‘डिव्हाइस एक’ असंच लिहिलं जाऊ लागलं, पण दुकानात कोण मानकं वाचतो!

डेटाबेसच्या बाबतीत तर ही उपमा उघडउघड तोंडावर पडते. समजा तिकीट आरक्षणाची एक मोठी यंत्रणा आहे. नवं आरक्षण किंवा रद्द झालेलं तिकीट अशी प्रत्येक नोंद एकाच मुख्य डेटाबेसमध्ये लिहिली जाते. पण ‘गाडीत जागा आहे का’ असं विचारणारे लोक कितीतरी पटीने जास्त. सगळ्यांना मुख्य डेटाबेसपाशी उभं केलं तर तो कोलमडेल. म्हणून त्याच्या हुबेहूब प्रती वेगळ्या मशीनवर ठेवतात आणि वाचणाऱ्यांना तिकडे वळवतात. मुख्य प्रतीत बदल झाला की तो या प्रतींत उतरतो. यातल्या मुख्याला मास्टर आणि प्रतींना स्लेव्ह म्हणत. आता मुख्य मशीन मध्यरात्री बंद पडलं तर काय होतं? प्रतींपैकी एकीला बढती मिळते आणि तीच मास्टर होते. सकाळी दुरुस्त होऊन आलेला जुना मास्टर तिचा स्लेव्ह म्हणून कामाला लागतो. असली गुलामगिरी इतिहासात कुठे झाली असेल तर ती फार सुखाची म्हणायला हवी.

रेडिस नावाचा एक लोकप्रिय डेटाबेस आहे. त्यात प्रतीला मास्टर करायची आज्ञा शब्दशः अशी होती: ‘स्लेव्हऑफ नो वन’. कुणाचीही गुलाम नाही! एवढी नाट्यपूर्ण आज्ञा लिहिणाऱ्याच्या बोटांना काही जाणवत नसेल का? बहुतेकांना नसावं. रोज वापरून शब्द गुळगुळीत होतात.

बदलाची पहिली मोठी लाट २०१४ मध्ये आली. पायथॉन भाषेत वेबसाइट बांधण्यासाठी जॅंगो नावाची चौकट वापरतात. तिच्या कागदपत्रांत मास्टर-स्लेव्हच्या जागी आधी ‘लीडर-फॉलोअर’ घातलं गेलं, आणि थोड्याच दिवसांत तेही काढून ‘प्रायमरी-रेप्लिका’ आलं. त्याच सुमारास वेबसाइट बांधण्याचंच दुसरं साधन असलेल्या द्रुपलनेही तीच जोडी स्वीकारली. जॅंगोच्या त्या छोट्या बदलाखाली शेरे-ताशेऱ्यांचा आणि टवाळीचा नुसता पूर लोटला. गंमत म्हणजे दुसरा बदल जास्त टिकाऊ ठरला, आणि त्याचं कारण शिष्टाचारात नव्हतं. लीडर-फॉलोअर म्हटलं की कोण पुढे आणि कोण मागे एवढंच कळतं. रेप्लिका म्हटलं की ही प्रत आहे, हे नव्याने नोकरीला लागलेल्या पोरालाही कळतं.

२०१८ च्या सप्टेंबरात पायथॉनचाच नंबर लागला. व्हिक्टर स्टिनर या फ्रेंच प्रोग्रॅमरने भाषेच्या मूळ कोडमधून हे शब्द काढायचा प्रस्ताव ठेवला. वाद इतका पेटला की पायथॉनचा जनक गिडो व्हॅन रॉसम याला मध्ये पडावं लागलं. दोनच महिन्यांपूर्वी त्याने पायथॉनच्या सर्वाधिकाऱ्याचं पद सोडलं होतं. त्याने बहुतेक बदल मान्य केले. एका कामातून दुसरी कामं सुरू करणाऱ्या प्रक्रियेला ‘पेरेंट’ आणि हाताखालच्यांना ‘वर्कर’ किंवा तसलंच काही म्हणायचं ठरलं. फक्त एका ठिकाणी जुनी जोडी तशीच ठेवली. तिथे पायथॉन खालच्या युनिक्स यंत्रणेचंच नाव उच्चारत होतं, आणि ते बदलणं पायथॉनच्या हातात नव्हतं.

त्याच शरद ऋतूत रेडिसवरही वेळ आली. साल्वातोरे सान्फिलिप्पो या त्याच्या इटालियन निर्मात्याला हा सगळा खटाटोप पटत नव्हता, आणि ते त्याने मोकळेपणाने सांगितलं. तरीही पाचव्या आवृत्तीत ‘रेप्लिकाऑफ’ ही नवी आज्ञा आली आणि जुनी तिच्या शेजारी चालू राहिली. मनापासून न पटलेला बदल माणसाने वादावादी थांबावी म्हणून करणं, हे सॉफ्टवेअरमध्ये वाटतं त्याहून बरंच जास्त घडतं.

मग २०२० चा उन्हाळा आला. २५ मे रोजी मिनियापोलिसमध्ये एका पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला. अमेरिका रस्त्यावर उतरली आणि कंपन्यांना आपणही काहीतरी केलं पाहिजे असं वाटू लागलं. गिटहब ही जगभरच्या प्रोग्रॅमरांचं कोड साठवणारी कंपनी. तिचा तेव्हाचा प्रमुख नॅट फ्रिडमन याने १२ जूनच्या सुमारास जाहीर केलं की मुख्य शाखेचं ‘मास्टर’ हे नाव बदलण्याचं काम सुरू आहे. १ ऑक्टोबरपासून गिटहबवर नव्याने उघडलेल्या प्रत्येक प्रकल्पाची मुख्य शाखा ‘मेन’ या नावाने जन्माला येऊ लागली.

इथे वादाला खरी धार आली, कारण गिटमध्ये मास्टर आहे पण स्लेव्ह नाहीच. गिट म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची वही. कुणी कधी काय बदललं ते सगळं तिच्यात राहतं, आणि एकाच वहीच्या अनेक शाखा काढता येतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने ती २००५ मध्ये लिहिली. लिनक्सचं काम तोवर बिटकीपर नावाच्या खासगी प्रणालीत चालत होतं आणि तिचा फुकट परवाना अचानक गेला होता. बिटकीपरच्या कागदपत्रांत मास्टर-स्लेव्ह अशी जोडी होती, म्हणून गिटचा मास्टरही त्याच वंशातला, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणाली, हा मास्टर गाण्याच्या मास्टर रेकॉर्डिंगमधला. हे नाव प्रत्यक्ष देणारा चेक प्रोग्रॅमर पेत्र बाउदिश याने अखेर सांगितलं, की आपण ‘मेन’ हेच नाव द्यायला हवं होतं असं त्याला पुढे अनेकदा वाटलं होतं.

नाव बदलणं वरून दिसतं सोपं. एका ओळीची आज्ञा दिली की शाखेचं नाव बदलतं. पण रोज रात्री आपोआप चालणारी चाचणी ‘मास्टर’ शोधत येते आणि तिला काहीच सापडत नाही. सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवणारी स्क्रिप्ट तिथेच अडखळते. कागदपत्रांतल्या लिंका तुटतात. रजेवरून परतलेला सहकारी जुन्याच शाखेत चार दिवसांचं काम टाकतो आणि वर विचारतो, ‘माझं काम गेलं कुठे?’ पुण्या-मुंबईतल्या ज्या टीम अमेरिकी कंपन्यांची कामं करतात, त्यांच्यापर्यंत हा बदल चळवळ म्हणून आलाच नाही. तो आला कामाच्या यादीतला आणखी एक नग म्हणून, आणि शुक्रवारपर्यंत उरकायचा होता.

त्याच वर्षीच्या जुलैत लिनक्सच्या गाभ्यानेही नियम केला. इंटेलच्या डॅन विल्यम्सने मांडलेला प्रस्ताव टोरवाल्ड्सने स्वीकारला. नव्या कोडमध्ये मास्टर-स्लेव्ह आणि ब्लॅकलिस्ट-व्हाइटलिस्ट वापरायचं नाही, असं ठरलं. जुन्या कोडला आणि हार्डवेअरच्या मानकांत रुतून बसलेल्या नावांना मात्र सूट होती. एवढ्या मोठ्या डोलाऱ्यात यापेक्षा शहाणपणाची वाट सापडणं कठीण होतं.

ब्लॅकलिस्टची गोष्ट अंमळ वेगळी. या शब्दाचं मूळ वर्णद्वेषात नाही. फिलिप मॅसिंजरच्या १६३९ साली छापलेल्या इंग्रजी नाटकात तो आढळतो, आणि आपल्या बापाचा शिरच्छेद करवणाऱ्यांची यादी ठेवणाऱ्या दुसऱ्या चार्ल्स राजाशीही त्याचा संबंध जोडतात. मराठीत ‘कंत्राटदार काळ्या यादीत’ ही बातमी कुठल्याही आठवड्याच्या वर्तमानपत्रात मिळेल. काळा बाजार, काळा पैसा, तोंड काळं करणं, सगळे शेजारी-पाजारीच. पण शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो तीही याच भाषेत. तेव्हा शब्दाची कुंडली मांडून हा वाद सुटत नाही. आक्षेप घेणाऱ्यांनाही मूळ माहीत होतं. त्यांचा प्रश्न इतकाच होता की काळं म्हणजे रोखलेलं आणि पांढरं म्हणजे मोकळं, हे दिवसातून पन्नास वेळा कशाला लिहायचं? ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०२० मध्ये ‘अलाउ लिस्ट’ आणि ‘डिनाय लिस्ट’ हे शब्द घेतले. इथेही नवे शब्द कामाला सरस आहेत. कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, हे नावातच आलं.

पुढे पुढे मात्र याद्या लांबत गेल्या. ट्विटरने त्या जुलैत जाहीर केलेल्या यादीत ‘सॅनिटी चेक’ होतं, ‘मॅन अवर्स’ होतं आणि ‘डमी व्हॅल्यू’सुद्धा होतं. ट्विटरमधल्या कामाची सुरुवात मात्र फार खरी होती. रेजिनल्ड ऑगस्टिन या कृष्णवर्णीय इंजिनिअरला ऑफिसच्याच एका इमेलमध्ये आपोआप काहीतरी पुन्हा सुरू झाल्याची तांत्रिक सूचना आली आणि तीत ‘स्लेव्ह’ हा शब्द होता. तो त्याला सलला, आणि तो व एक सहकारी कामाला लागले. एका माणसाला टोचलेल्या शब्दापासून निघालेली गोष्ट ‘डमी’पर्यंत पोचली, तेव्हा टिंगल करणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं.

सर्वांत बोचरी टीका विरोधकांनी केली नाही, ती घरातूनच आली. नावं बदलण्यापेक्षा नोकऱ्या द्या, बढत्या द्या, असं अनेक कृष्णवर्णीय इंजिनिअर तेव्हा म्हणत होते. गिटहबचा अमेरिकेच्या इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याशी करार होता आणि तो मोडावा म्हणून तिचेच कर्मचारी २०१९ पासून भांडत होते. तो करार काही सुटला नाही. शाखेचं नाव तेवढं बदललं.

मग झालं असं की जुन्या एका जोडीच्या जागी नव्या डझनभर आल्या. मायएसक्यूएल या डेटाबेसने ‘सोर्स-रेप्लिका’ घेतलं. चाचण्या आपोआप चालवणाऱ्या जेनकिन्सने ‘स्लेव्ह’चा ‘एजंट’ २०१६ मध्येच केला होता, आता मास्टरचा ‘कंट्रोलर’ केला. छोट्या चिपांना जोडणाऱ्या आय-टू-सी या पद्धतीच्या मानकात २०२१ मध्ये ‘कंट्रोलर-टार्गेट’ आलं. नेटवर्कवरची घड्याळं जुळवणाऱ्या मानकात २०२२ पासून वेळ पाठवणारा आणि वेळ घेणारा अशी सरळ नावं आहेत. केप टाऊनच्या घड्याळांचा हिशेब एवढ्या वर्षांनी असा चुकता झाला. पण एसपीआय या दुसऱ्या जोडणीत गोंधळ आहे. तिथल्या दोन तारांना सगळे विद्यार्थी ‘मोसी’ आणि ‘मिसो’ म्हणत. या नावांतला एम मास्टरचा आणि एस स्लेव्हचा. आता आर्डुइनो या बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या कागदांत ‘कोपी-सिपो’, दुसऱ्या कंपनीच्या कागदांत ‘एसडीओ-एसडीआय’, आणि बाजारातून आणलेल्या स्वस्त बोर्डावर अजूनही मोसी-मिसोच. प्रोजेक्टच्या आदल्या रात्री तारा जोडणाऱ्या डिप्लोमाच्या पोराने कुठली तार कुठे लावायची?

महाराष्ट्राला हा वाद दुरून ऐकल्यासारखा वाटेल, पण त्याचा एक जुना धागा इथेच आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुस्तकाला नाव दिलं ‘गुलामगिरी’, आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या निग्रो गुलामांची सुटका करण्यासाठी झटणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. शूद्रातिशूद्रांची स्थिती सांगायला त्यांनी मुद्दाम तो शब्द उचलला. सौम्य पर्याय त्यांना नको होता. शब्द टोचावा हाच हेतू होता.

आणि ज्या २०२० मध्ये गिटहब शाखांची नावं बदलत होतं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी नावं जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर यायची होती. तेव्हाही म्हटलं गेलंच, पाटी बदलून काय होणार? प्रश्न चुकीचा नव्हता. पण त्या पाटीखाली राहणाऱ्या माणसाला तेच नाव रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर लिहावं लागत होतं. समोरचा पत्ता वाचतो आणि वाचताना त्याचा चेहरा किंचित बदलतो, हे पाहावं लागत होतं. हार्डडिस्कला पत्ता लिहावा लागत नाही. ‘स्लेव्ह’ हा शब्द ज्याला सलतो तो मशीनच्या आत राहत नाही, बाहेर खुर्चीवर बसून ती आज्ञा टाइप करतो. दोन्हीकडचं दुखणं एका मापाचं नाही, आणि अमेरिकेतल्या चर्चेत हे भान बरेचदा सुटलं. पण लॅमिंग्टन रोडवर ज्याला स्लेव्हमध्ये काही ऐकू आलं नाही, त्याच माणसाला एखाद्या ‘वाड्या’चं नाव लख्ख ऐकू येतं.

जुने शब्द सहजासहजी मरत नाहीत, याची सॉफ्टवेअरला सवय आहे. एका पानावरून दुसऱ्यावर जाताना ब्राउझर जो ‘रेफरर’ पाठवतो, त्याचं इंग्रजी स्पेलिंग १९९० च्या दशकात एक आर गाळून लिहिलं गेलं. चूक कळली, पण तोवर सगळीकडे पसरली होती. आजही प्रत्येक क्लिकबरोबर तीच चूक जगभर फिरते. रेडिसला त्याची स्थिती विचारली तर उत्तरात अजूनही प्रतीच्या भूमिकेपुढे ‘स्लेव्ह’ येतं. ते उत्तर वाचणारे हजारो पहारेकरी प्रोग्रॅम तोच शब्द शोधतात, म्हणून. हार्डडिस्कवरचा शब्द मात्र कुणाच्या आक्षेपाने गेला नाही. साटा केबल आली, प्रत्येक डिस्कला स्वतंत्र तार मिळाली, जंपरची गरज सरली आणि चिमटा खणात पडला.

मायएसक्यूएलने साधारण साडेतीन वर्षं दोन्ही शब्द शेजारी-शेजारी नांदू दिले. नवा वापरा, जुना लवकरच जाणार, अशी ताकीद प्रत्येक वेळी मिळत राहिली आणि ती, सगळ्या ताकिदींप्रमाणे, कुणी वाचली नाही. २०२४ च्या ८.४ आवृत्तीत ‘शो स्लेव्ह स्टेटस’ ही आज्ञा खरोखरच काढून टाकली. ज्यांच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये ती दडून बसली आहे, त्यांचा डेटाबेस अद्ययावत झाल्यावर रात्री कधीतरी फोन वाजतो. मग झोपाळलेला इंजिनिअर लॅपटॉप उघडतो, लाल अक्षरांतली चूक वाचतो, तो एक शब्द खोडून तिथे ‘रेप्लिका’ लिहितो, आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवून बघतो.